फॉर्मॅट करण्यापूर्वीं

हल्लीं आमच्या सातारा-सांगलीकडील मध्यम स्थितींतल्या घरींहि लॅपटॉप नांवाचें यंत्र दिसूं लागलें आहे. सन 2020 च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, मुलांचे वर्ग पडद्यावर भरूं लागले, आणि ज्यांनीं आयुष्यांत टंकलेखन-यंत्रालाहि हात लावला नव्हता अशा पालकांनीं पदरमोड करून हें यंत्र घेतलें. त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें नवीं नव्हतीं. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेलीं, झाडून पुसून पुन्हां विकावयास ठेवलेलीं अशीं तीं होतीं. आतां त्यांस बरींच वर्षें झालीं, व त्यांच्या दुखण्यांचे दिवस आले आहेत. दुखणें बहुधा एकाच तऱ्हेनें सांगितलें जातें : यंत्र मंद चालतें, पंखा सारखा घोंघावतो, बूड तापतें, आणि बॅटरी तासाभरांत संपते. पालक तें घेऊन दुकानीं जातात. दुकानदार पांच मिनिटें पाहतो व तीन निकालांपैकीं एक देतो : "फॉर्मॅट मारावें लागेल," "बोर्ड गेला," किंवा "आतां नवीनच घ्या." या तिन्ही निकालांविरुद्ध आम्हांस थोडें अपील करावयाचें आहे.

आमचें म्हणणें असें कीं, यांतील पुष्कळ यंत्रें अंगानें धडधाकट असतात. त्यांचा प्रोसेसर ज्या कामानें दमून जातो तें काम घरांतील कोणीहि त्यास सांगितलेलें नसतें. तें ड्रायव्हर नांवाच्या एका अदृश्य कारभाऱ्यानें त्याच्यावर लादलेलें असतें, आणि तो कारभारी कोण हें शोधून काढणें शाळेंतल्या मुलासहि अशक्य नाहीं.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसर हा शाळेच्या कचेरींतील मुख्य कारकून आहे असें समजावें. पडदा, ध्वनि, कॅमेरा, वायफाय, ब्लूटूथ, कार्ड वाचण्याची खांच या प्रत्येक अवयवाची भाषा निराळी असते, व ती कारकुनास समजावून देण्यासाठीं प्रत्येकाबरोबर एक लहानसा प्रोग्रॅम नेमलेला असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. मराठींत त्यास ‘चालक’ म्हणण्याची रूढि पडत आहे. आमच्या मतें ‘दुभाष्या’ हा शब्द अधिक नेमका झाला असता, पण आतां उशीर झाला. अवयवास कांहीं सांगावयाचें झालें म्हणजे तो घंटा वाजवितो. या घंटेस इंटरप्ट असें नांव आहे. घंटा वाजली कीं कारकून हातांतील कागद बाजूस ठेवतो, त्या अवयवाच्या दुभाष्यास बोलावतो, तांतडीचें तेवढें तात्काळ उरकतो, आणि उरलेलें ‘थोड्या वेळानें’ म्हणून दुसऱ्या तबकांत टाकतो. परंतु तें दुसरें तबकहि इतर सर्व कागदांच्या आधीं रिकामें करावें लागतें. निरोगी यंत्रांतहि ही घंटा सेकंदास शेंकडों वेळां वाजते व कोणास पत्ताहि लागत नाहीं. मात्र एखादा दुभाष्या चुकीचा शिकलेला असला, किंवा अवयवच बिघडून उगीच घंटा वाजवीत सुटला, म्हणजे कारकून दिवसभर खुर्चींत बसून घाम गाळतो आणि संध्याकाळपर्यंत एकहि पत्र लिहून होत नाहीं. बाहेर बसलेल्या लोकांस वाटतें, कारकून म्हातारा झाला!

ही गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येते. विंडोज चालणाऱ्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत कोणता प्रोग्रॅम प्रोसेसराचा किती हिस्सा खातो याचें टक्क्यांनीं मांडलेलें पत्रक असतें. यंत्र सुरू करतांच तें पाहूं नये. पहिलीं दहा मिनिटें यंत्र स्वतःचीं घरकामें उरकीत असतें. नंतर सर्व प्रोग्रॅम बंद करून, हात न लावतां पाहावें. एखाद्या ओळखीच्या प्रोग्रॅमाच्या नांवापुढें मोठा आंकडा असला तर प्रश्न तेथेंच मिटला. चोर नांवानिशीं सांपडला. पण एकूण बेरीज मोठी, आणि नांवाचा प्रोग्रॅम एकहि तसा मोठा नाहीं, असें असेल तर दोन ओळींकडे लक्ष द्यावें. एक ‘सिस्टिम’ व दुसरी ‘सिस्टिम इंटरप्ट्स’. यांतील दुसरी ओळ म्हणजे प्रोग्रॅम नव्हेच. जमाखर्चाच्या वहींत ‘किरकोळ’ म्हणून जशी एक बाब असते तशीच ती आहे : घंटांना उत्तर देण्यांत प्रोसेसराचा जो वेळ गेला तो सगळा या बाबींत लिहिला जातो. स्वस्थ बसलेल्या निरोगी यंत्रांत ही बाब एका टक्क्याच्या आंतबाहेर राहते. ती पांच-दहा टक्क्यांवर चढून तेथेंच ठाण मांडून बसली, तर कोणत्या तरी ड्रायव्हरावर किंवा अवयवावर संशय घेण्यास जागा आहे. ज्या संस्थेचा किरकोळ खर्च एकंदर खर्चाच्या चतुर्थांशावर जातो तिचे हिशेब तपासनीस कसे पाहतो, तें आमच्या वाचकांतील विश्वस्तमंडळींस सांगावयास नको.

चतुर्थांश हा आंकडा आम्हीं उगीच घेतला नाहीं. सांगलीच्या आमच्या एका शिक्षकमित्राच्या शेजारीं एक बाई शिवणकाम करून राहतात. मुलगी बारावींत, प्रवेशपरीक्षेचा अभ्यास जुन्या लॅपटॉपवर. यंत्र इतकें मंदावलें कीं सराव-परीक्षेंत एक प्रश्न सोडवून दुसरा उघडेपर्यंत घड्याळ पुढें निघून जाई. दोन दुकानांत दाखविलें. एका ठिकाणीं फॉर्मॅट करून दिलें. आठवड्यानें दुखणें परत आलें. दुसऱ्या ठिकाणीं बोर्डाचा निकाल मिळाला, व त्याचा खर्च यंत्राच्या मूळ किंमतीच्या अर्ध्यावर सांगितला. बाई बचत गटाकडून कर्ज काढण्याच्या विचारांत होत्या. आमचे मित्र त्याच सुमारास सुटीसाठीं साताऱ्यास यावयाचे होते, म्हणून ते यंत्र बरोबर घेऊन आले. आम्हीं टास्क मॅनेजर उघडला, तों ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ 25 टक्के. आणि तो आंकडा 24 वर उतरेना कीं 27 वर चढेना. प्रोसेसर चार कोरांचा, म्हणजे एका टेबलाशीं बसलेले चार कारकून. अशा यंत्रांत 25 टक्क्यांवर स्थिर राहिलेला आंकडा फार बोलका असतो : चौघांपैकीं एकास कोणी तरी पुरता बांधून ठेवलें आहे असा त्याचा अर्थ.

पुढील काम केवळ चिकाटीचें होतें. लूकच्या शुभवर्तमानांतील ती स्त्री हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावते व सगळें घर झाडते; ती शेजाऱ्यास विचारीत बसत नाहीं, कीं घर पाडूनहि टाकीत नाहीं. त्या रीतीनें एकेक कोपरा झाडावयाचा. आधीं बाहेरून जोडलेला माउस, पेनड्राइव्ह व छपाई-यंत्राची तार काढली. आंकडा हलला नाहीं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून, जे अवयव नसले तरी यंत्र जिवंत राहतें ते एकेक बंद करीत गेलों. कॅमेरा बंद केला, आंकडा तोच. ब्लूटूथ, तोच. तारेचें जाळें, तोच. कार्डाची खांच बंद करतांच 25 चा अर्धा टक्का झाला व पंखा मिनिटाभरांत शांत झाला. त्या खांचेंत त्या घरीं कोणीं कधीं कार्ड घातलें नव्हतें! ज्या दाराचा उपयोगच नाहीं त्याची घंटा वाजवून एक दुभाष्या चौथा हिस्सा प्रोसेसर खात होता. यंत्र विकणाऱ्यानें ‘सर्व ड्रायव्हर एका बटनांत अद्ययावत्’ करून देणारा एक फुकट प्रोग्रॅम त्यावर चालविला होता, व फॉर्मॅट केल्यावरहि तोच पुन्हां घातला गेला होता. आठवड्यानें दुखणें कां परतलें, याचा उलगडा एवढाच. आम्हीं तो प्रोग्रॅम काढला, यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें त्याच मॉडेलासाठीं दिलेला जुना ड्रायव्हर घातला, खांच पुन्हां सुरू केली, आणि आंकडा एका टक्क्याखालींच राहिला. सगळ्यास पाऊण तास लागला. बोर्डास कांहीं झालेलें नव्हतें.

प्रत्येक वेळीं चोर इतका सहज हातीं लागतो असें नाहीं. त्यासाठीं सूक्ष्म साधनें आहेत व तीं फुकट आहेत. लेटन्सीमॉन नांवाचा एक प्रोग्रॅम पांचदहा मिनिटें चालू ठेवला असतां, कोणत्या ड्रायव्हराच्या फाइलीनें घंटेच्या कामांत सर्वांत अधिक वेळ घेतला तें नांवानिशीं सांगतो. इंटरप्ट्सऐवजीं ‘सिस्टिम’ या ओळीपुढें मोठा आंकडा असेल तर प्रोसेस एक्स्प्लोरर हें साधन अधिक उपयोगी. तें त्या ओळीचें पोट उघडून आंतील प्रत्येक धाग्याचें मूळ दाखवितें. हें साधन मार्क रुसिनोविच यांचें. त्यांनीं व ब्राइस कॉग्जवेल यांनीं 1996 पासून अशीं साधनें लोकांस वाटण्यास सुरुवात केली, आणि 2006 मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्यांची कंपनीच विकत घेतली. ज्यांचे दोष दाखविले त्यांनींच दोष दाखविणाऱ्यास घरांत घ्यावें, हें दृश्य आम्हांस मोठें उमदें वाटतें.

चोर सांपडल्यावर शिक्षा कोणती, याविषयीं लोकांत एक गैरसमज आहे. ‘नवें तें चांगलें’ हा नियम ड्रायव्हरांस लागू नाहीं. दुखणें नुकतेंच एखाद्या सुधारणेनंतर सुरू झालें असेल तर पहिलें औषध मागें जाणें हेंच होय; त्यासाठीं डिव्हाइस मॅनेजरमध्यें ‘रोल बॅक ड्रायव्हर’ अशी कळ ठेवलेली आहे. आधींचा ड्रायव्हर यंत्रानें जपून ठेवला नसेल तर ती कळ फिकी दिसते. मग यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलाचा अंक देऊन तेथील ड्रायव्हर उतरवून घ्यावा. कोणताहि फेरफार करण्यापूर्वीं ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. डिस्क, पडदा व कळफलक यांचे ड्रायव्हर प्रयोगासाठीं बंद करूं नयेत. ज्या फांदीवर बसलों तीच तोडण्याचा तो प्रकार होईल. बायोसची सुधारणाहि कधीं कधीं हें दुखणें बरें करते, पण आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, आणि बायोस अर्धा लिहून झाला असतां वीज गेली तर खरोखरच बोर्डाचा निकाल खरा ठरेल. बॅटरी पूर्ण भरलेली व चार्जर लावलेला असल्याशिवाय त्या वाटेस जाऊं नये.

ज्यास ‘सर्व ड्रायव्हर एका बटनांत’ म्हणतात त्या फुकट प्रोग्रॅमांविषयीं आमचें मत कडक आहे. ते यंत्रावर असूंच नयेत. ड्रायव्हर हा यंत्राच्या दिवाणखान्यांत बसणारा पाहुणा नव्हे. त्यास गाभाऱ्याची किल्ली दिलेली असते. तेथें त्यानें केलेली चूक सर्व यंत्राची चूक होते. 2017 च्या मे महिन्यांत मॉडझीरो या स्विस संस्थेनें दाखवून दिलें कीं, एचपी कंपनीच्या कांहीं लॅपटॉपांबरोबर येणाऱ्या कोनेक्झंट कंपनीच्या ध्वनीच्या ड्रायव्हरासोबतचा एक प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ एका उघड्या फाइलींत लिहून ठेवीत होता. हेतु वाईट नव्हता. आवाजाच्या कळा ओळखण्यासाठीं केलेली सोय तपासणीनंतर काढावयाची राहून गेली होती, व पुढें ती काढण्यांत आली. परंतु ध्वनीचा दुभाष्या घरांतील पत्रें व संकेतशब्द टिपून ठेवतो, ही कल्पनाच किती विलक्षण! 2016 पासून विंडोज 10 च्या नव्या आवृत्तींत गाभ्यांत शिरणाऱ्या नव्या ड्रायव्हरावर मायक्रोसॉफ्टची सही लागते, आणि तें चांगलेंच झालें. पण सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हें शाळामास्तरांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

या गाभाऱ्याच्या किल्लीचें मोल सर्व जगास एकदां कळलें. 19 जुलै 2024 रोजीं आपल्या वेळेप्रमाणें सकाळीं साडेनऊच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक प्रोग्रॅमासाठीं माहितीची एक लहानशी फाइल जगभर धाडली. त्या प्रोग्रॅमाचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदीं गाभाऱ्यांत चालणारा. फाइलींत 21 व्या नोंदीची तपासणी सांगितली होती. तपासणाऱ्यापाशीं नोंदी होत्या 20. नसलेली नोंद वाचावयास तो ड्रायव्हर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें 85 लाख यंत्रें निळा पडदा दाखवून बंद पडलीं. मुंबई व दिल्लीच्या विमानतळांवर कांहीं कंपन्यांस प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली. कंपनीनें ती फाइल 78 मिनिटांत मागें घेतली खरी, पण बंद पडलेल्या यंत्रांपर्यंत ही सुधारणा पोंचणार कशी? माणसांनीं एकेका यंत्रापाशीं जाऊन, सेफ मोडमध्यें तें उघडून, ती फाइल हातानें काढून टाकली. अर्थात् हें यंत्र मरण्याचें उदाहरण आहे, दमण्याचें नव्हे; परंतु कारण एकाच घराण्यांतलें. त्या दिवशीं कोणी 85 लाख यंत्रांचे बोर्ड बदलले नाहींत, व सगळ्यांस नवीन घ्या असेंहि सांगितलें नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांस जो न्याय मिळतो तो सांगलीच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या यंत्रास मिळूं नये काय?

वास्तविक आमच्या या दोन जिल्ह्यांस अशा चिकित्सेचें वावडें असण्याचें कारण नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1910 मध्यें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या औंध संस्थानांतील माळावर कारखाना घातला, आणि तेव्हांपासून नांगर, पंप व इंजिनें यांची भाषा आमच्या खेड्यापाड्यांत शिरली. कृष्णाकांठच्या शेतकऱ्याची मोटार वीज अधिक खाऊं लागली व पाणी मात्र कमी देऊं लागली, तर तो नवी मोटार आणावयास धांवत नाहीं. तो आधीं कान देतो. ताण किती येतो तें पाहतो, नदींतल्या तोंडाशीं पाला अडकला आहे का पाहतो, बेअरिंग हातानें फिरवून बघतो. "कुठंतरी अडतंय," हें त्याचें पहिलें वाक्य असतें. वीज खाणें व पाणी न देणें, प्रोसेसर खाणें व काम न देणें, यांत तत्त्वतः अंतर नाहीं. तोच शेतकरी मुलाच्या लॅपटॉपसमोर बसला कीं हें सगळें शहाणपण गुंडाळून ठेवतो आणि दुकानदाराच्या तोंडाकडे पाहूं लागतो, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं 1894 मध्यें रुग्णालय उघडलें, त्यांच्या परंपरेंतला कोणीहि डॉक्टर रोग्यास शस्त्रक्रियेच्या मेजावर घेण्यापूर्वीं "केव्हांपासून दुखतें?" एवढें तरी विचारील. लॅपटॉपच्या दुकानांत हा प्रश्न आम्हीं क्वचित् ऐकला आहे.

दुकानदारांस मात्र आम्ही सर्वस्वीं दोष देणार नाहीं. साताऱ्याच्या एका दुकानदारानें आम्हांस जें सांगितलें तें खोडून काढणें कठीण आहे. "सर, शोधायला दोन तास लागतात. शोधल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही काय केलं, एक बटन तर दाबलं. त्याचे पैसे कसले? फॉर्मॅटचे पैसे मात्र न बोलतां देतात." हें खरें आहे. डॉक्टरास तपासण्याची फी देण्याची आम्हांस संवय झाली आहे. यंत्राच्या तपासणीची फी देणें आमच्या जिवावर येतें. घामाचे पैसे देतों, विचाराचे देत नाहीं. ज्या पालकांस निदान हवें असेल त्यांनीं दुकानांत शिरतांच "तपासण्याचे काय घ्याल?" असें विचारावें, व जें ठरेल तें दोष न सांपडला तरी द्यावें. एवढ्यानेंच पुष्कळ बोर्ड वांचतील असा आमचा कयास आहे.

आणि सर्व दुखण्यांस एकच औषध सांगणारा वैद्य भोंदू असतो, हें आम्ही विसरलों नाहीं. पंख्यांत पांच वर्षांची धूळ बसली असेल तर प्रोसेसर तापतो, तापला म्हणजे स्वतःची गति स्वतःच कमी करतो, आणि गति कमी झाली कीं तेंच काम त्यास जड वाटूं लागतें. येथें ड्रायव्हर निरपराधी आहे, ब्रशानें धूळ काढावी. टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसर रिकामा व डिस्क मात्र 100 टक्के दिसत असेल, तर जुनी फिरती डिस्क बदलून एसएसडी घालणें हाच उपाय, व तो पैसा सत्कारणीं लागतो. कधीं एखादा उपद्रवी प्रोग्रॅम चोरून दुसऱ्याचें काम करीत असतो. आणि क्वचित् बोर्ड खरोखरच गेलेला असतो. आमचा आग्रह एवढाच कीं, हें पाहून ठरवावें.

आतां हा प्रश्न अधिक निकडीचा होण्यास एक नवें कारण घडलें आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें संपविला. विंडोज 11 ला इंटेलचा बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढील प्रोसेसर व टीपीएम 2.0 लागतें, आणि आमच्या घरोघरचीं जुनीं यंत्रें त्या कसोटीस उतरत नाहींत. मग आडवाटेनें नवी प्रणाली जुन्या यंत्रांत बसविण्याचा उद्योग चालतो. प्रणाली बसते, पण त्या यंत्राच्या अवयवांचे ड्रायव्हर तिच्यासाठीं कोणीं लिहिलेलेच नसतात. मग जुन्या दुभाष्यांकडून नव्या भाषेंत काम करून घेण्याचा खटाटोप, व पुन्हां तीच घंटा. अशा यंत्रांस लिनक्सची एखादी हलकी प्रणाली घालावी असें आम्हांस वाटतें. केरळच्या सरकारी शाळांतून ती वर्षानुवर्षें चालत आहे व तेथील मुलांचें कांहीं अडलेलें नाहीं. तेथेंहि कांहीं वायफायचे अवयव हट्टीपणा करतात, हें कबूल. पण गाभाऱ्यांतील बहुतेक ड्रायव्हर उघड्यावर लिहिलेले असल्यामुळें त्यांची चूक चारचौघांस दिसते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै 2022 मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळहि उघडलें. त्या चर्चेंत सुटे भाग, माहितीपुस्तिका व दुरुस्तीचीं केंद्रें यांचा विचार होतो तो योग्यच आहे. आमची त्यांत एक पुरवणी आहे. जुन्या मॉडेलाचा ड्रायव्हर हाहि एक सुटा भागच होय. तो संकेतस्थळावरून काढून टाकला म्हणजे पालक त्या ‘एका बटनाच्या’ भामट्या प्रोग्रॅमाकडे वळतात, व पुढची कथा वर आलीच आहे. यंत्र विकल्यापासून निदान दहा वर्षें त्याचे सर्व ड्रायव्हर, शेवटचा व त्याच्या आधींचा असे दोन्ही, कंपनीनें लोकांस उघडे ठेवावेत असा नियम व्हावा. कंपनीस यांत फारसा खर्च नाहीं. कपाटांतली एक फळी अडेल इतकेंच.

शाळांविषयीं सांगावयाचें तर, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम 2001 पासून महाराष्ट्रांत चालला आहे व त्यानें लक्षावधि लोकांची यंत्राची भीति मोडली, हें ऋण आम्ही मानतों. परंतु आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांस पत्र सुबक मांडतां येतें, तक्ता रंगवितां येतो, आणि यंत्र मंद झालें म्हणजे तें बंद करून पुन्हां चालू करावें यापलीकडे कांहीं सुचत नाहीं. विज्ञानाच्या तासाला आम्ही त्यांस सांगतों कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदला व परिणाम लिहून ठेवा. या नियमाचा इतका स्वस्त व इतका उघड धडा डिव्हाइस मॅनेजरइतका दुसरा कोणता मिळणार? एकेक अवयव बंद करावा, आंकडा लिहावा, पुन्हां सुरू करावा. नववींतल्या मुलीनें हें केलें तर तिला निरीक्षण, अनुमान व पडताळा हे तीनहि शब्द पाठ करावे लागणार नाहींत. प्रयोगशाळेंतील प्रत्येक यंत्रामागें एक वही टांगलेली असावी. कोणत्या तारखेस काय घातलें, काय काढलें, आधीं आंकडा किती होता व नंतर किती झाला. शंभर पानी वहीस पैसे फार पडत नाहींत, आणि "केव्हांपासून?" या प्रश्नाचें उत्तर तिच्यांत आयतें मिळतें.

येत्या जूनपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं, शाळा सुटल्यावर, नववी-दहावीच्या मुलांकडून असें निदान करवून घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आजी-माजी विद्यार्थ्यांच्या पालकांनीं आपलीं दमलेलीं यंत्रें निःसंकोच आणावींत, फी नाहीं. येतांना चार्जर आणावा, दुखणें केव्हांपासूनचें तें आठवून यावें, आणि कृपा करून यंत्र आदल्या दिवशीं फॉर्मॅट करून आणूं नये.